मेंदू-मणक्याचा आजार असलेल्या मुलाचं पोट साफ कसं ठेवायचं: नव्या पालकांसाठी, पहिल्या दिवसापासून

सेरेब्रल पाल्सी, स्पायना बिफिडा, स्नायूंचे आजार, मेंदूज्वरानंतर आलेलं अपंगत्व... अशा मुलांच्या घरात फिट्सबद्दल बोललं जातं, थेरपीबद्दल बोललं जातं, मूल कधी चालेल याबद्दल तर रोजच. शीबद्दल कुणी बोलत नाही. चार-चार दिवस पोट साफ होत नाही ही गोष्ट तपासणीच्या शेवटी, आजी सोबत असेल तर तिच्या तोंडून, बाहेर येते. आणि तोवर मुलानं जेवण कमी केलेलं असतं, रात्री झोप नसते, अंग आधीपेक्षा ताठ झालेलं असतं.

हा लेख सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या अशा घरांसाठी आहे जिथे हे सगळं नुकतंच सुरू झालंय. माझं सांगणं एकच आहे: क्रम पाळा. आधी साचलेलं बाहेर काढायचं, मग शी महिनोन्‌महिने मऊ ठेवायची, मग वेळेवर बसण्याची सवय लावायची. बहुतेक घरांत उलटं होतं. मुलाला पॉटीवर बसवून ‘कुंथ, कुंथ’ म्हणत राहतात, आणि आत दगडासारखा खडा अडकलेला असतो. मग मूल पॉटीला घाबरतं आणि पुढचे कित्येक महिने वाया जातात.

असं का होतं

शी पुढे सरकवण्याचं काम आतड्याच्या नसांचं. पण शेवटी ती बाहेर टाकायला मेंदूचा निरोप, मणक्यातून जाणाऱ्या नसा, पोटाचे स्नायू आणि गुदद्वाराचा स्नायू यांचा मेळ बसावा लागतो. सेरेब्रल पाल्सीत हा मेळच बिघडतो. पोटानं जोर लावायचा आणि खालचा स्नायू सैल सोडायचा, या दोन गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत. त्यात मूल फारसं हलत नाही, गिळायला त्रास म्हणून पाणी कमी जातं, लाळेवाटे पाणी बाहेर पडत राहतं, आणि जेवण म्हणजे मऊ भात नाहीतर दुधात भिजवलेलं बिस्किट.

औषधांचाही हात असतो. लाळ कमी करण्याचं औषध, ताठरपणासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा बॅक्लोफेन, लोहाचं टॉनिक, फिट्सची काही औषधं, यांनी पोट कडक होऊ शकतं. म्हणून ती परस्पर बंद करू नका. फिट्सचं औषध किंवा बॅक्लोफेन एकदम थांबवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना फक्त एवढं सांगा की हे सुरू झाल्यापासून शी कडक झाली.

स्पायना बिफिडाची, म्हणजे पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. कमरेच्या अगदी खालच्या भागातल्या नसाच नीट जोडलेल्या नसतात, त्यामुळे शी आल्याचं मुलाला कळत नाही आणि धरूनही ठेवता येत नाही. त्यांच्यासाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

आधी वही घाला

दवाखान्यात जाण्याआधी दोन आठवडे एका साध्या वहीत लिहा. तारीख, शी झाली का, किती, कशी, रडत झाली का, रक्त दिसलं का, चड्डीला डाग होता का, दिवसभरात पाणी आणि पातळ पदार्थ किती गेले. त्या दिवशी फिट आली असेल तर तीही. दुखत असेल तर वाट पाहू नका, वही अर्धी असली तरी जा.

‘कशी’ हे लिहायला डॉक्टरांकडे ब्रिस्टल तक्ता असतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात शीचे ७ प्रकार चित्रांनी दाखवले आहेत. १ म्हणजे सुट्या कडक लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला बहुतेक मुलांसाठी ४ हवा असतो, गुळगुळीत आणि मऊ. मोबाइलवर त्याचं चित्र ठेवा आणि वहीत फक्त आकडा टाका. शाळेतल्या मावशींनाही हे सहज जमतं.

न बोलणाऱ्या मुलाची वही वाचताना जरा जास्त लक्ष द्या. भरवताना पाठ मागे ताणणं, पाय एकमेकांवर घट्ट आवळणं, घास थुंकणं, दुपारनंतर किरकिर, अचानक वाढलेल्या फिट्स, वारंवार उलटी, लघवीला जळजळ, या सगळ्यामागे तुंबलेलं पोट असू शकतं. थेरपीला येणाऱ्या मुलाचे पाय अचानक उघडेनासे झाले तर पहिला प्रश्न मी हाच विचारते, ‘शी कधी झाली होती?’

पातळ शी म्हणजे जुलाबच असं नाही

इथे सगळ्यात जास्त घरं फसतात, म्हणून थोडं थांबून सांगते. आत मोठा खडा अडकला की त्याच्या मागची पातळ शी कडेनं झिरपत बाहेर येते. दिवसातून पाच-सहा वेळा चड्डी किंवा डायपर थोडाथोडा खराब होतो, वास उग्र असतो, आणि मूल कधी पोटभर शी करतच नाही. घरचे म्हणतात, याला जुलाब लागलेत. मग जुलाब थांबवण्याचं औषध, डाळिंबाची साल, जायफळ असे उपाय सुरू होतात, आणि खडा आणखी घट्ट बसतो.

आधी बरेच दिवस कडक शी, मग अशी थोडीथोडी गळती, आणि बेंबीच्या खाली डाव्या बाजूला हाताला लागणारी गाठ, असं दिसलं तर जुलाबाचं औषध देऊ नका. डॉक्टरांना पोट तपासू द्या.

डॉक्टरांकडे

सोलापुरात अशी सोय पाहायची तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथे बालरोग विभागाचा केसपेपर काढा. अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या गावातून येणाऱ्यांनी पथक आलं की हा त्रासही त्यांना सांगावा. तेवढ्यावरून पुढची चिठ्ठी मिळते.

सोबत वही, सगळ्या औषधांच्या बाटल्या-पाकिटं (आठवून सांगू नका, पिशवीत घालून न्या) आणि मुलाचं वजन. डॉक्टर पोट दाबून पाहतील, पाठ आणि गुदद्वाराची जागा पाहतील. जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली होती का, हे विचारतील. त्याचं उत्तर घरातल्या मोठ्यांना आधीच विचारून ठेवा.

काही वेळा मात्र ओपीडीची वाट न पाहता लगेच, रात्र असली तरी जायचं: हिरवी उलटी, पोट फुगून ताठ होणं आणि वारा सरणं बंद होणं, पोटदुखीसोबत ताप, शीत खूप रक्त. स्पायना बिफिडाच्या मुलात पायातली ताकद कमी होणं, पाठ दुखू लागणं किंवा आधी जमणारी लघवी-शी बिघडणं, हे मणक्यातली नस ओढली जात असल्याचं लक्षण असू शकतं. त्यातही उशीर करू नका.

साचलेलं बाहेर काढणं

आत खडा असेल तर पहिले काही दिवस हेच एक काम. आता बहुतेक डॉक्टर यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, दुकानात तिला मॅक्रोगॉल किंवा नुसतं पेग म्हणतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, रक्तात जवळजवळ जात नाही. खडा काढण्यासाठी मुलांत दर किलो वजनाला दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस, असं प्रमाण प्रचलित आहे. १२ किलोच्या मुलाला ते १२ ते १८ ग्रॅम होतं. हा आकडा तुम्हाला चिठ्ठी समजावी म्हणून दिला आहे, घरी आपल्या मनानं द्यायला नाही. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलात डॉक्टर तो वेगळा ठरवतात, कधी नळीनं देतात, कधी दवाखान्यात ठेवून घेतात.

या दिवसांत घर विस्कटतं. शी वारंवार होते, आधी लेंड्या, मग चिखल, शेवटी पाणी. पाणी आलं म्हणजे काम होत आलं. त्या आठवड्यात लग्न, यात्रा, परगावचा प्रवास ठेवू नका. आणि सोलापुरात हे सांगायलाच हवं: ज्या दिवशी नळाला पाणी येणार त्याच्या आदल्या दिवशी सुरू करू नका, पाणी भरून झाल्यावर सुरू करा. धुणं दुप्पट होतं.

घरगुती उपायांबद्दल मी कडक बोलणार आहे. एरंडेल तेल या मुलांना देऊ नका. ज्या मुलाला गिळताना ठसका लागतो त्याच्या फुप्फुसात तेल उतरू शकतं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया बरा व्हायला फार वेळ घेतो. हीच गोष्ट बाटलीवर ‘लिक्विड पॅराफिन’ लिहिलेल्या जुलाबाच्या औषधाची. मेडिकलवाला सहज काढून देतो, घेण्याआधी लेबल वाचा. साबणाची कांडी आणि साबणाच्या पाण्याचा एनिमा यांनी आतली त्वचा भाजल्यासारखी होते. तयार मिळणारा फॉस्फेट एनिमा दोन वर्षांखालच्या किंवा किडनीचा त्रास असलेल्या मुलाला जिवावर बेतू शकतो. एनिमा लागलाच तर डॉक्टर ठरवतील कोणता ते. गुदद्वारात सरकवायची ग्लिसरीनची बत्ती त्यामानानं सौम्य, पण तीही विचारून.

आजीवर चिडू नका. तिनं आयुष्यभर हेच पाहिलंय आणि तिच्या मुलांना ते चाललंही. तिला फक्त फरक सांगा: त्या मुलांना नीट गिळता येत होतं.

मऊ ठेवणं, आणि औषध लवकर न सोडणं

खडा निघाल्यावर मूल हसू लागतं, जेवू लागतं, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, आता औषध बंद करू. तिथेच पुन्हा तुंबायला सुरुवात होते. ताणलेलं आतडं मूळ आकाराला यायला महिने लागतात. या काळात रोजचं मऊ करणारं औषध चालू ठेवायचं असतं, पेग असेल तर दर किलोला दिवसाला ०.४ ग्रॅमच्या आसपास सुरुवात करून वही पाहत कमी-जास्त, किंवा लॅक्टुलोज, हेही शी मऊ करणारं औषध. लॅक्टुलोजनं सुरुवातीला गॅस होतो, हळूहळू तो बसतो.

‘सवय लागेल का?’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. पेग आणि लॅक्टुलोजनं आतडं आळशी होत नाही. फिट्सचं औषध आपण सवयीच्या भीतीनं सोडतो का? हेही तसंच रोजचं औषध आहे.

एक सूचना दाट करून पाजणाऱ्यांसाठी. पाण्यासारखं पातळ ठसक्याला कारण होतं म्हणून तुम्हाला स्टार्चची दाट करणारी पावडर दिली असेल, तर पेग त्यात मिसळू नका. पेग घातलं की ते मिश्रण पुन्हा पातळ होतं, आणि दाट समजून पाजलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. डॉक्टरांना किंवा थेरपिस्टला दुसरा पर्याय विचारा.

पाणी आणि जेवण

औषध आतड्यात पाणी धरतं, पण धरायला पाणी आत जायला हवं. १० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १ लिटर, १५ किलोला सव्वा, २० किलोला दीड लिटर पातळ पदार्थ लागतात, दूध-ताक-वरण धरून. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा त्याहून जास्त. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांचाच आकडा. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी काढून ठेवा आणि तीच रिकामी करायची. चमच्यानं पाजणाऱ्या आईला एका वेळी लिटरचा विचार नको वाटतो, म्हणून तासातासाला थोडं. मुलाला बसतं करून, मान किंचित पुढे, कधीही आडवं करून नाही.

आपल्याकडची ज्वारी या कामाला चांगली आहे. पण कडक भाकरी या मुलांसाठी नाही, ताजी मऊ भाकरी कुस्करून वरणात किंवा आमटीत पूर्ण भिजवा. ज्वारीची आंबील उन्हाळ्यात पाणीही देते, कोंडाही म्हणजे चोथाही, आणि थोडी दाट असल्यानं ठसकाही कमी. पालक-माठ शिजवून घोटून, पिकलेली पपई, भिजवून वाटलेलं अंजीर, बिया काढलेल्या पेरूचा गर. शेंगदाण्याचा अख्खा दाणा घशात अडकतो, कूट बारीक करून घाला. दूध अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर कमी करा, पोट दुधानंच भरतं आणि बाकी काही खाल्लं जात नाही.

कोंडा हळूहळू वाढवा आणि पाण्यासोबतच वाढवा. पाणी न वाढवता कोंडा वाढला तर खडा मोठा होतो. इसबगोल गिळायला त्रास असणाऱ्या मुलाला देऊ नका, घशातच फुगतं.

बसवायचं कसं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात पैसा लागत नाही आणि फरक डोळ्यांनी दिसतो.

वेळ: जेवणानंतर १५-२० मिनिटांनी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, त्याचा फायदा घ्यायचा. सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, ५ ते १० मिनिटं. जास्त नाही. शी झाली नाही तरी उठवायचं आणि रागवायचं नाही. आई विड्या वळत असेल, बाबा कारखान्यात पाळीला असतील तर रोज जमेल अशी एकच वेळ धरा. दोन वेळा धरून दोन्ही मोडण्यापेक्षा ते बरं.

बसण्याची ढब: गुडघे कमरेपेक्षा किंचित वर, पावलं पूर्ण टेकलेली, अंग थोडं पुढे झुकलेलं. लोंबकळणाऱ्या पायांनी कुणालाच जोर लावता येत नाही. लहान मुलाला आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पायांवर बसवत आल्या आहेत. पाय लांब करून बसायचं, मुलाला आपल्या पावलांवर उकिडवं टेकवायचं, काखेत हात धरायचे. सेरेब्रल पाल्सीच्या लहान मुलाला ही ढब फार छान बसते, कारण कमरेत आणि गुडघ्यात वाकलं की ताठलेलं अंग ढिलं पडतं.

मूल मोठं झालं की पॉटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवा, म्हणजे दोन भिंती पाठीला आणि एका कुशीला आधार देतात. उरलेल्या कुशीत टॉवेल गुंडाळून ठेवा. आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलची जाड गुंडाळी कमरेशी घट्ट बसते, घसरत नाही, आणि खराब झाली तर उकळत्या पाण्यात टाकता येते. पायाखाली पाट. समोर उलटी बादली किंवा छोटं स्टूल, त्यावर हात टेकले की अंग पुढे येतं. मान धरत नसेल तर तुम्ही मागे बसा आणि मुलाची पाठ छातीला लावा. याहून मोठ्या मुलाला पाठ आणि पट्टा असलेली कमोड खुर्ची लागते. ती घेण्याआधी थेरपिस्टकडून माप करून घ्या, उंच खुर्चीत पाय लोंबतात आणि पैसे वाया जातात.

जोर लावणं शिकवता येतं. पिपाणी वाजव, हातावरची पावडर फुंकून टाक, जोरात ‘हुं’ म्हण. पोटाचे स्नायू आपोआप आवळतात.

पोट चोळणंही उपयोगी पडतं, पण ते जेवणाआधी, भरल्या पोटी नाही. तळहात मुलाच्या उजव्या मांडीच्या वरून सुरू करून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवा डावीकडे, मग खाली. आतड्याची वाट हीच आहे. दहा मिनिटं, हलका पण ठाम दाब. पोटात नळी (शंट, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी, किंवा जेवणाची) असेल तर आधी विचारा.

न बोलणाऱ्या मुलाला शीसाठी एक खूण किंवा चित्र ठरवा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर शब्द तुमच्या भाषेतलाच ठेवा, मात्र खूण घरी, शाळेत आणि थेरपीत एकच असू द्या.

स्पायना बिफिडा आणि मणक्याची इजा

या मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी होण्याचा धोका बराच असतो. हातमोजे, नळी, एनिमाची टोकं लॅटेक्सविरहित मागा आणि वाढदिवसाचे फुगे घरी आणू नका. प्रत्येक दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांकडेसुद्धा, हे आधी सांगा.

खालचा स्नायू सैल आहे की आवळलेला, यावर मार्ग ठरतो. सैल असेल तर फार मऊ शी सतत गळते, म्हणून तिथे शी थोडी बांधलेली ठेवतात आणि ठरलेल्या वेळी बत्तीनं किंवा हातमोजा घालून बोटानं काढतात. आवळलेला असेल तर बत्तीनं चाळवलं की आतडं स्वतः काम करतं. हे नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष पाहून शिका.

एवढ्यानं भागत नसेल तर गुदद्वारातून कोमट पाण्यानं आतडं धुण्याची पद्धत आहे. योग्य शिकवणी मिळाली तर मूल चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त कोरडं राहू शकतं आणि शाळेत बिनधास्त बसतं. त्यापुढे शस्त्रक्रियेचा पर्याय आहे, ज्यात अपेंडिक्सचा मार्ग करून वरून पाणी सोडतात. मॅलोन या शल्यचिकित्सकांनी ती १९९० मध्ये मांडली. बालशल्यचिकित्सकाशी बोला, पण घाई नको.

कमरेखाली संवेदना नसते हे विसरू नका. धुण्याचं पाणी आधी आपल्या कोपरानं तपासा, शेकायची पिशवी कधीच नको. त्वचेवर शी राहिली तरी मूल रडणार नाही, म्हणून तुम्हीच पाहत राहा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा. मणक्याला छातीच्या वरच्या भागात इजा झालेल्या मुलात शी काढताना डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर लगेच थांबा, बसतं करा आणि दवाखाना गाठा. रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो.

शाळा आणि कागदपत्रं

शाळेच्या पिशवीत जादा चड्डी, पॅड, पाण्याची बाटली आणि एक चिठ्ठी: मुलाला कधी बसवायचं, खूण कोणती, कुणाला फोन करायचा. मोठ्या मुलाला चारचौघांत विचारू नये, हेही त्या चिठ्ठीत लिहा. सहावी-सातवीतल्या मुलीची लाज कुठल्याही औषधापेक्षा मोठी गोष्ट असते.

युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही धरतात, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवा.

औषध कधी कमी करायचं

किमान दोन महिने उपचार, आणि त्यातला शेवटचा निदान एक महिना वहीत सगळं ठीक, मगच डॉक्टर मात्रा उतरवायला सुरुवात करतात, तीही पायरी-पायरीनं. काही मुलांचं औषध सुटतं. बऱ्याच मुलांचं वर्षानुवर्षं चालतं आणि त्यात काही वावगं नाही. मात्रा उतरवताना वही पुन्हा रोज लिहा. सलग तीन दिवस शी नाही, किंवा वहीतला ब्रिस्टल आकडा २ पर्यंत खाली आला, तर आधीच्या मात्रेवर परत या आणि डॉक्टरांना फोन करा. दर सहा महिन्यांनी वजन करून मात्रा नव्यानं ठरवून घ्या, मूल वाढतं आणि जुनी मात्रा अपुरी पडू लागते.